बिल्ला डोस घेतो

आमच्या गावाला त्या वर्षी एकाच माणसाचा संशय होता. वसईच्या बाजारात दवाखाना चालवणारे म्हातारे डॉक्टर, कागदाच्या पुड्यांतून औषध देणारे. माझ्या मावसभावाचं रक्त त्यांच्या पुड्यांनी बिघडलं, असं गाव म्हणत होतं. तसं नाही हे गावात फक्त मला माहीत होतं, आणि मी गप्प होतो.

गप्प राहणं हा यांचा स्वभावच आहे, असं बायको पाहुण्यांना सांगते. मीही ते चालवून घेतलं. स्वभाव म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

नव्वदच्या दशकाची मधली काही वर्षं मी गोखिवऱ्यातल्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. औद्योगिक वसाहतीत त्याचा गाळा होता, पण काम बाहेरगावचं. अणुवीज केंद्रं दुरुस्तीसाठी मधूनमधून बंद ठेवतात. त्याला शटडाउन म्हणायचं. तेवढ्या दिवसांत व्हॉल्व्ह उघडायला, पाइप कापायला, फरशी पुसायला जादा माणसं लागतात. ती आमचा शेठ पुरवायचा. देशात जिथे शटडाउन निघेल तिथे आम्ही बॅगा घेऊन जायचो. कुठल्याही केंद्राचं नाव मी घेत नाही. तिथली माणसं नियमाला कडक होती. जे केलं ते त्यांच्या नजरेआड आम्ही केलं.

माणसं मी माझ्याच गावातून गोळा करायचो. आमचं गाव मिठागरांच्या कडेचं. मिठागरं एकेक करून भरावाखाली जात होती आणि पोरं नाक्यावर बसून होती. त्यातच माझा मावसभाऊ. आई गेल्यावर मला मावशीनेच वाढवलं, त्यामुळे मावसभाऊ हा शब्द मी कागदावरच लिहितो, एरवी तो माझा धाकटा भाऊ. अंगाने काटकुळा, अडचणीच्या जागी सहज शिरणारा. मी डिप्लोमा करून सुपरवायझर झालो होतो. त्याला कामाला लावलं तेव्हा मावशीने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली होती.

पहिल्या दिवशी केंद्रातल्या सुरक्षा अधिकाऱ्याने सगळ्यांना बसवून हिंदीत माहिती दिली. किरणं दिसत नाहीत, वास येत नाही, म्हणून छातीला हा बिल्ला लावायचा. अंगावर किती किरणं पडली ते बिल्ल्यावरून कळतं. त्याला डोस म्हणायचं. प्रत्येकाला डोसची मर्यादा आहे, ती भरली की आत जायचं नाही. आमच्या पोरांना हिंदी सिनेमापुरती कळायची. अधिकारी मला म्हणाला, तुम्ही यांच्या भाषेत सांगा.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “हा बिल्ला डोस घेतो. तो भरला की घरी.”

एवढंच. घाई होती, जेवणाची वेळ झाली होती. मोजतो म्हणायच्या ऐवजी मी घेतो म्हणालो. दोन अक्षरांचा फरक. पोरांनी ते जसं ऐकलं तसंच धरलं. बिल्ला डोस घेतो म्हणजे आपल्या अंगावर येणारं तो स्वतःवर घेतो. नजर लागू नये म्हणून काळा दोरा बांधतात, तसा. मग ती बिल्ला फार जपायची. एकाने तर त्याला देवाचा अंगारा लावला होता.

मला हसू आलं होतं. चूक सुधारायला हवी असं वाटलं नाही, असं नाही. उद्या सांगू म्हटलं.

पुढे अडचण वेगळीच आली. मर्यादा भरली की माणूस घरी, आणि त्याची हजेरी बंद. शेठला अर्ध्या कामात माणसं बदलणं परवडत नव्हतं आणि पोरांना घरी बसणं. असंच एकदा कपडे बदलायच्या खोलीत माझा भाऊ मला म्हणाला, “दादा, बिल्लाच ओढतो ना त्याला? मंग याला हितंच ठेवला तर डोस हितंच राहील.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेठ आदल्या दिवशी फोनवर मला पुरेसं बोलला होता. मी त्यांना नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. मी म्हणालो, “आज उकडतंय.”

बस, हीच आमची बोली झाली. मी “आज उकडतंय” म्हणायचो आणि पोरं बिल्ला शर्टाबरोबर खुंटीला टांगून आत जायची. थंडीच्या दिवसांतही उकडायचं. पोरं चेष्टा करायची, “सायेब, आज जरा जास्तीच उकडतंय काय, स्वेटर काढू का?” मी हसायचो. ती समजत होती की मी त्यांच्यावर उपकार करतोय, त्यांना डोसपासून वाचवतोय. मला माहीत होतं की ती तसं समजतात. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मी स्वतः बहुतेक वेळा दाराबाहेर असायचो.

काही वर्षांनी मी ते काम सोडून पंपाच्या एका कारखान्यात लागलो. कारण विचारलं तर बाहेरगावी राहणं जमत नाही म्हणायचो. भाऊ मात्र शेठकडेच राहिला. मग एका वर्षी तो गणपतीला घरी आला तो वाळलेला. घाम यायचा, जेवण जायचं नाही, डाव्या बरगडीखाली काहीतरी जड आहे म्हणायचा. बाजारातल्या डॉक्टरांनी आधी पोटासाठी पुड्या दिल्या. पुन्हा आला तेव्हा त्यांनी त्याला आडवा झोपवून पोट दाबलं, बराच वेळ दाबलं आणि म्हणाले, “पानथरी सुजलीय, हाताला लागते. मी काही देणार नाही. मुंबईला ने याला, आजच्या आज.”

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात रक्ताचा कर्करोग निघाला. सावकाश चालणारा प्रकार आहे, गोळ्यांनी आटोक्यात येतो, असं तिथला तरुण डॉक्टर म्हणाला. भावाला रक्त काढायला आत नेलं होतं. टेबलासमोर मावशी, भावजय आणि मी.

“पूर्वी काही औषधं चालू होती? गोळ्या, काढे, काहीही?”

मावशी म्हणाली, “डोस घेत व्हता ना.”

“कसला डोस?”

“ते मला काय ठावं? कामावरनं आला का सांगायचा, आये, या टायमाला डोस लय झाला. मी म्हनायची, पूर्न घे बाबा, अर्धवट सोडू नको. पोरांना पाजतात तसाच असल ना तो पन?”

डॉक्टरने पेन थांबवलं. “कोण द्यायचं हा डोस?”

मावशीने माझ्याकडे बघितलं, कारण कामाचं मला माहीत. तेवढ्यात भावजय म्हणाली, “बाजारातल्या डाक्टरांच्या पुड्या व्हत्या. त्याच असतील.”

डॉक्टर माझ्याकडे वळला. “पुड्याच का?”

मी म्हणालो, “असेल.”

“काय घालतात त्यांत, देव जाणे,” तो म्हणाला. “रक्तावर परिणाम करणारी औषधंही देतात काही लोक. बंद करा त्या.” आणि त्याने ते लिहून घेतलं.

गावात पोचायच्या आधीच गोष्ट पोचली. भावजयीने कोणाला सांगितलं, त्याने कोणाला. रिक्षास्टँडवर पोरं एकमेकांना म्हणायची, “पोट दुखतंय का? जा डाक्टराकडं. एका पुडीत पोट साफ, दुसऱ्या पुडीत रगत साफ.” दवाखान्याचा बाक, ज्यावर सकाळी जागा मिळत नसे, तो रिकामा पडू लागला. जुन्या दुखण्यांचा हिशेब निघाला. अमक्याची म्हातारी कशी गेली, तमक्याच्या पोराला अंगावर चट्टे कसे आले, सगळं पुड्यांवर. लोकांना एकदा संशयाची दिशा मिळाली की किती आठवतं, ते मी तेव्हा बघितलं. मला त्यातलं काहीच अडवावंसं वाटलं नाही. उलट कोणी नवी आठवण काढली की मला आतून बरं वाटायचं.

माझी संशयाची बाजू वेगळी होती. गावातून कोणी “काय म्हणतो भाऊ?” असं विचारलं की मला वाटायचं, याला कळलंय. शेठचा फोन आला नाही तर वाटायचं, तो काहीतरी शिजवतोय. सकाळी दात घासताना मी हिरड्या दाबून रक्त येतं का बघायचो. डाव्या बरगडीखाली बोटं घालून चाचपायचो. बायकोने एकदा विचारलं, “तुम्हाला काय होतंय?” काही नाही म्हणालो. “मग भाऊजींचं दुखणं तुमच्या बरगडीला का?” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसानंतर ती माझ्याकडे तशीच बघायची.

त्याच सुमारास माझ्या मुलीला ताप आला आणि बायको तिला त्याच डॉक्टरांकडे न्यायचा हट्ट धरून बसली. मला जावं लागलं. दवाखान्यात मुलगी आणि मी, दोघंच. डॉक्टर पेपर वाचत होते. त्यांनी मुलीचा घसा बघितला, आणि बघता बघता मला म्हणाले, “तू त्या पोराचा मावसभाऊ ना?”

“हो.”

“पानथरी पहिल्यांदा कोणाच्या हाताला लागली, ते सांगत नाही का कोणी गावात?”

मी मुलीच्या फ्रॉकचं बटण लावत बसलो.

“कुठे कामाला होता तो?”

“वेल्डिंगचं काम. बाहेरगावी.”

“वेल्डिंगने डोळे जातात. रक्त जात नाही.” त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “तूही होतास ना तिथे?”

“होतो. थोडे दिवस.”

“बरं,” ते म्हणाले. मग मुलीच्या गालावर टिचकी मारली. “घशाला सूज आहे. पुडी देऊ की लिहून देऊ? हल्ली मी आधी विचारतो.”

मी लिहून घेतलं.

गोळ्यांनी भावाला उतार पडला. महिन्यांमागून महिने गेले, अंगावर मांस आलं, रक्ताचे आकडे जागेवर आले. गोळी मात्र रोजची, ती चुकवायची नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. तो पुन्हा मिठागराच्या बांधावर चालत जाऊ लागला. मला वाटलं, सुटलो. मग शेठने मला गाळ्यावर बोलावलं.

चहा मागवला त्याने. नवं शटडाउन निघालं होतं.

“तुझ्या भावाला पाठवतोय,” तो म्हणाला. “तुला सांगावं म्हटलं. घरचा माणूस आहेस.”

“तो आजारी आहे.”

“होता. आता रिपोर्ट नॉर्मल आहेत, मी बघितले. आणि त्याचा डोसचा रेकॉर्ड बघ, इतकी वर्षं काम करून जवळजवळ कोरा. असा माणूस कुठे मिळतो आजकाल?”

रेकॉर्ड कोरा का आहे, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

“त्याला तिथे पाठवणं बरं नाही,” मी म्हणालो.

“का? आजार तर पुडीचा ना? सगळी वसई सांगते.” त्याने बशीत चहा ओतला. “हॉस्पिटलात तूही म्हणालास म्हणे, असेल म्हणून.”

मी घरी आलो तो हाच विचार करत. त्याला भाऊच का हवा? दुसरी माणसं होती. उद्या कधी प्रश्न निघाला तर म्हणता येईल, की बघा, आजारानंतरही माणूस आपल्या पायाने परत आला. हे त्याच्या मनात होतं की माझ्याच, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण भाऊ जाणार होता, आणि पुड्या बंद केल्या की झालं अशा समजुतीने जाणार होता. आत शिरताना तो पुन्हा बिल्ला खुंटीला टांगणार होता. मनापासून, डोसपासून वाचायला.

जायच्या आदल्या दुपारी मी मावशीकडे गेलो. भाऊ ओटीवर बॅग भरत होता. मावशी सुकट निवडत होती.

“तू जाऊ नको,” मी म्हणालो.

“का रं दादा? शेठनं बोलावलंय.”

“तुझा आजार पुड्यांचा नाही. तिथला असू शकतो.”

तो हसला. “माजा बिल्ला साफ हाय. शेठ बोलला.”

“साफ आहे कारण तो खुंटीला होता.”

“मंग? खुंटीलाच व्हता ना. म्हंजे डोस खुंटीला राह्यला.”

मी त्याच्या बॅगेशेजारी बसलो. मी म्हणालो, “बांधाला पाण्याची खूण दाखवायला काठी रोवतात. ती काठी उपटून घरी आणली तर भरती यायची थांबते का?”

त्याचा हात बॅगेत तसाच राहिला. मिठागरातलं पोर ते, पुढचं सांगावं लागलं नाही. सुकट निवडण्याचा आवाजही थांबला.

“म्हंजे बिल्ला काय घेत नाय,” तो म्हणाला.

“नाही. मोजतो नुसता.”

“तुला तवा ठावं व्हतं?”

“हो.”

“पयल्या दिवसापासनं?”

“हो.”

मावशी म्हणाली, “म्हंजे डोस काय औषध नाय?”

भावाने बॅगेतून हात बाहेर काढला.

“मी तर त्याला पूर्न घे म्हनायची,” ती म्हणाली. सूप तिने मांडीवरून खाली ठेवलं आणि हात कुठे ठेवावेत ते तिला सुचेना.

भाऊ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, “आज का सांगतोस? शेठनं माज्या जागी दुसरा कोन ठरवला का?”

“नाही.”

“का त्या डाक्टरानं धाडलाय तुला? त्याचा धंदा बसला म्हनून?”

“नाही रे.”

“तवा खोटा बोललास का आज बोलतोस, मी कशावरनं धरू?”

ज्याने आपल्याला वर्षानुवर्षं फसवलं त्याने एका दुपारी येऊन खरं सांगितलं, तर ते खरं आहे हे कळायचं कसं?

मग त्याने बॅग बंद केली, पण खांद्याला लावली नाही. “किती घेतला मी?”

“माहीत नाही.”

“अंदाजे?”

“अंदाज काढायला बिल्ला अंगावर हवा होता. आता कोणालाच कळणार नाही.”

संध्याकाळी मी बाजारात गेलो. डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावत होते. तिथेच, फळीवर उभं राहून, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “मला सांगून काय उपयोग?” ते म्हणाले. “माझ्या पुडीत काय होतं ते मला माहीतच होतं. नाक्यावर सांग.” नाक्यावर मी सांगू शकलो नाही. ते काम पुढे मावशीने केलं, घरोघर जाऊन. काहींना पटलं. काही म्हणाले, डॉक्टराने म्हातारीला फुकट औषधाचं कबूल केलं असणार.

सकाळी शेठची जीप नाक्यावर आली. आत गावातली इतर पोरं बसली होती. भाऊ बॅग न घेताच गेला आणि त्यांना उतरा म्हणाला, बिल्ल्याचं सांगितलं. एकजण म्हणाला, “तुला घेतला नाय वाटतं शेठनं.” बाकीचे खाली बघत होते. एक उतरला. जीप बाकीच्यांना घेऊन गेली. मी टपरीच्या आडोशाला उभा होतो. भावाने मला बघितलेलंच होतं. सरळ माझ्याकडे आला.

“चल,” तो म्हणाला. “मुंबईच्या डाक्टरासमोर सांग.”

मुंबईपर्यंत तो लोकलच्या दारातच उभा राहिला. त्याच तरुण डॉक्टरसमोर आम्ही बसलो. मी पहिल्यापासून सांगितलं. त्याने जुना कागद काढला, पुड्यांची ओळ खोडली. म्हणाला, एका माणसाकडे बोट दाखवून याला यानेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. अशा कामाने धोका वाढतो, एवढं नक्की. आणि तिथे परत पाऊल टाकायचं नाही. भाऊ मान हलवत होता. ते नक्की नाही, हे ऐकून मला किंचित हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी मला जाणवलं की भावाने ते माझ्या तोंडावर बघितलंय.

डॉक्टरने मला विचारलं, “बिल्ला न लावता आत जायचं, हे किती वेळा व्हायचं?”

“कधी कधी,” मी म्हणालो.

“कधी कधी नाय, डाक्टर,” भाऊ म्हणाला. “रोज. याला भायेर बसवा. मी सांगतो.”

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी उठलो, बाहेर आलो आणि बाकावर बसलो. दार नीट लागलं नव्हतं. आत भाऊ सावकाश, एकेक आठवून सांगत होता. कुठला पाइप, कुठली फट, आत किती वेळ. मधे मधे डॉक्टर त्याला थांबवून पुन्हा विचारायचा. माझं नाव कुठे येतं का, ते मी कान देऊन ऐकत होतो. ते बऱ्याच वेळा आलं.